दोर आधी की झाड आधी?

मागच्या अंकात झाडांच्या पावसाळ्याआधीच्या छाटणीबद्दल लिहिलं, वाटलं होतं सोसायट्यांचे सेक्रेटरी पत्रं पाठवतील. पण आली ती सगळी दोर लावून झाडावर चढायचंय म्हणणाऱ्यांची, नाहीतर त्यांच्या घरच्यांची. पाच निवडलीत.

काका, मी नाशिकचा, वय 23. सहा वर्षं सह्याद्रीत सुळके चढतोय. हार्नेस आहे, साडेदहा एमएमचा डायनॅमिक रोप आहे, उतरायला फिगर ऑफ एट, दोर अडकवायला कॅराबिनर, सगळं आहे. आता झाडांचं काम शिकायचंय. हेच सामान चालेल का? नवीन घ्यायचं तर आधी काय घेऊ?

मित्रा, तुझी उंचीची भीती मोडलीये आणि गाठी येतात, ही शिदोरी मोठी आहे, पण सामानातलं निम्मं घरी ठेव. कड्यावर दोर असतो तो तू पडलास तर झेलायला, झाडावर मात्र तू दिवसभर दोरावरच बसलेला असतोस. डायनॅमिक रोप ताणतो, तेच त्याचं काम, पण त्याच्यावर बसून करवत चालवायला गेलास की झोपाळ्यावर बसून दाढी केल्यासारखं होतं. झाडाला कमी ताणणारा दोर लागतो, ईएन 1891 टाइप ए असं युरोपचं मानक त्याच्या टोकाच्या लेबलवर लिहिलेलं असतं, जाडी 11 ते 13 एमएम. हार्डवेअरच्या दुकानातली निळी-पिवळी नायलॉनची दोरी फांदी ओढायला ठीक, तिच्यावर जीव टांगायचा नाही, मग दुकानदार कितीही "टनाचा माल ओढते साहेब" म्हणू दे.

हार्नेसचंही तेच. सुळक्याच्या हार्नेसमध्ये अर्धा तास लटकलं की मांड्यांना मुंग्या येतात हे तुला माहितीये, इथं दोन-दोन तास लटकायचं असतं. झाडाच्या हार्नेसला रुंद पट्टे असतात, कमरेला दोन्ही बाजूंना कड्या असतात आणि पुढे एक छोटा दोर असतो, त्याला ब्रिज म्हणतात, त्याच्यावर मुख्य दोराची कडी इकडून तिकडे सरकते म्हणून तुला फांदीवर आडवं वळता येतं. बाहेरून मागवावा लागतो आणि ड्यूटी धरून जुन्या स्कूटीएवढा पडतो, हे आधीच सांगतो म्हणजे नंतर शिव्या नकोत. बरेच जण मग बांधकाम साइटवरचा बेल्ट घेतात, आयएस 3521 या भारतीय मानकाचा. तो वाईट नाही, पण त्याची मुख्य कडी पाठीवर असते, माणूस पडला तर अडवायला, त्याने झाडात काम करता येत नाही.

आणि फिगर ऑफ एट विसर. उतरताना हात सुटला की गेलास, आणि झाडावर दोन्ही हात करवतीला लागतात. इथं अशी गाठ लागते जी हात सोडला की आपोआप आवळते. प्रुसिकपासून सुरुवात कर, मग ब्लेक्स हिच शिक, ती दोराच्याच टोकाने मारता येते, वेगळी कॉर्ड विकत घ्यावी लागत नाही, फक्त टोकाला स्टॉपर गाठ विसरायची नाही आणि भसाभस उतरायचं नाही, दोर तापून चकचकीत होतो आणि मग गाठ धरेनाशी होते. कॅराबिनर स्क्रूवाले असतील तर तेही जपून, सालीवर घासून घासून स्क्रू उघडतो, माझा उघडलाय. स्वतःहून लॉक होणारे, उघडायला तीन हालचाली लागणारे घे.

क्रम विचारलास तर, हनुवटीला पक्का पट्टा असलेलं हेल्मेट, दोर, हार्नेस, कमरेचा लॅनयार्ड (खोडाभोवती टाकून स्वतःला बांधायचा आखूड दोर), फेकायची बारीक दोरी आणि तिला बांधायची तीन-चारशे ग्रॅमची थैली, दोर फांदीवर थेट घासू नये म्हणून फ्रिक्शन सेव्हर, आणि म्यानासकट एक चांगली हातकरवत. बस. थैली नेमक्या बेचक्यातून पार करायला पहिल्या दिवशी तुझी अर्धी सकाळ जाईल, पोरं हसतील, हसू दे.

आता खरा मुद्दा, जो सुळकेवाल्यांना कळायला वेळ लागतो. कड्यावर बोल्ट कुणीतरी ठोकून ठेवलेला असतो, झाडावर अँकर तुलाच निवडायचा असतो आणि तो जिवंत असतो, किंवा नसतो. खोडाला चिकटून असलेलं बेचकं घे, फांदी हिरवी हवी आणि निदान चार इंच जाड, मग खालून दोघांनी मिळून दोराला लटकून बघा, वर काय होतं ते ऐका. आणि एक हिशोब लक्षात ठेव: दोर फांदीवरून नेऊन त्याचं दुसरं टोक खाली बुंध्याला बांधलंस आणि एकेरी दोरावर चढलास तर त्या फांदीवर तुझ्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो. तू 70 किलोचा असशील तर फांदीला 140 चा माणूस वाटतो. दुहेरी फिरत्या दोरावर, म्हणजे फांदीवरून आलेल्या दोराच्या दोन्ही बाजू तुझ्याच हार्नेसला असतात तेव्हा, असं होत नाही, एक हात दोर ओढला की अर्धा हातच वर जातोस, दमतोस, पण फांदीवर तुझं तुझ्यापुरतंच वजन. म्हणून पहिलं वर्ष दुहेरीच.

मी सांगलीहून लिहितेय. मुलगा बी.एस्सी. ॲग्री झालाय, चांगली नोकरी सोडून झाडावर चढायचं काम करणार म्हणतो. आम्ही नाही म्हणतोय. तुम्हीच समजवा.

ताई, समजवायला तुम्ही चुकीच्या माणसाला लिहिलंय. माझी आई पण म्हणायची की शिकून माकड झाला. पण तुमची काळजी खोटी नाही म्हणून तुम्ही त्याला नाही म्हणण्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. पहिली, वर तू लटकलेला असताना बेशुद्ध पडलास तर तुला खाली कोण आणणार? बेल्टमध्ये निपचित लटकलेल्या माणसाची हालत काही मिनिटांत बिघडते, अग्निशमन दलाची वाट बघण्याइतका वेळ नसतो, म्हणून दोर-हार्नेसचा दुसरा सेट आणि तो वापरता येणारा दुसरा माणूस खाली हवाच. "मी एकटाच जातो" असं उत्तर आलं तर खुशाल अडवा. दुसरी, अपघात विमा काढलास का, आणि फॉर्मवर काम खरं काय ते लिहिलंस का? ऑफिसचं काम लिहून हप्ता वाचवणारे पाहिलेत. तिसरी, पहिला सीझन जमिनीवर काढायला तयार आहेस का? फांद्या ओढणं, दोर सांभाळणं, रस्त्यावरच्या माणसांना लांब ठेवणं, हे काम कंटाळवाणं आहे पण झाड वाचायला खालूनच शिकतात. बुंध्याशी अळंबी उगवलीये का, माती एका बाजूने उचललीये का, मोठ्या फांदीच्या बगलेत चीर आहे का, हे वर गेल्यावर दिसत नाही.

ॲग्रीची डिग्री वाया जाणार नाही, उलट या धंद्यात झाड कळणारा माणूसच कमी आहे. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरची सर्टिफाइड आर्बोरिस्टची, म्हणजे झाडांची निगा राखणाऱ्या जाणकाराची, परीक्षा असते, तिला साधारण तीन वर्षांचा अनुभव मागतात, तेवढी मुदत त्याला देऊन बघा. आणि कायद्याचा कागद त्याला आत्ताच वाचायला लावा, महाराष्ट्राचा शहरी भागातल्या झाडांचा कायदा 1975 चा आहे, स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते, आणि मुंबई-पुण्यात छाटणीलाही महापालिकेकडे अर्ज करावा लागतो. गिऱ्हाईक म्हणेल "काय होत नाय हो", पण नोटीस आली की पहिलं बोट चढणाऱ्याकडेच जातं.

दादा, आम्ही सिंधुदुर्गातले. वडील पायात फास घालून माडावर चढतात. मी ऑनलाइन पायाला बांधायचे काटे मागवलेत, आंब्याच्या छाटणीला वापरू का? माडावर चढायचं मशीन पण बघितलंय.

काटे आंब्याला लावू नकोस. सालीच्या लगेच खाली झाडाचा वाढणारा पातळ थर असतो, काटा प्रत्येक पावलाला तिथं भोक पाडतो आणि त्यातून बुरशी आत. काटे फक्त जे झाड तोडायचंच आहे त्याला. माडाचं तर अजून वेगळं, माडाला तसा थरच नसतो, त्यामुळे त्याची जखम कधी भरत नाही, जुन्या माडावर पूर्वी पाडलेल्या खाचा अजून तशाच दिसतात बघ. तुझ्या वडिलांचा फास माडाला सगळ्यात कमी त्रास देतो, फक्त त्यांच्या कमरेला एक दोर वाढव. मशीन, म्हणजे केरळातल्या चेंबेरीच्या जोसेफ यांनी काढलेलं ते दोन पेडलवालं, माडासाठी झकास, पण त्याला सरळ, बिनफांद्यांचं खोड लागतं, आंब्यावर ते दुसऱ्या फांदीलाच अडेल.

आणि झाडागणिक भरवसा वेगळा, हे तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांना विचार, मला नको. चिंच वाकते, कुरकुरते, सांगते तरी. जांभूळ सांगत नाही, हिरवीगार फांदी कट्कन जाते. शेवग्यावर तर चढूच नये, शेंगा काठीने काढ. शहरात हाच मान गुलमोहराचा. आंब्यात वर जाण्याआधी पानं शिवून केलेले हुंबल्यांचे, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांचे, गोळे कुठं आहेत ते बघून ठेव, दोन्ही हात अडकलेले असताना मानेवर हुंबले उतरले की माणूस दोर सोडतो. आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी घरी जायचं, वाद नाही.

छोटी चेनसॉ घेऊ का? एका हाताने चालते म्हणतात.

नको. दोन वर्षं तरी नको, आणि एका हाताने कधीच नको. सोनमोहराच्या झाडावर मी साध्या हातकरवतीने माझा लॅनयार्ड दोन-तृतीयांश कापलाय, मला कळलंसुद्धा नाही, ताणलेला दोर पात्याला नुसता टेकला की लोण्यासारखा जातो. वर मुख्य दोर होता म्हणून हे सदर लिहितोय. कापताना नेहमी दोन ठिकाणी बांधलेलं असायचं, करवत कुठलीही असो.

कापायचं कसं, तर आधी खोडापासून हातभर लांब खालून थोडं, मग त्याच्या जरा पुढे वरून, फांदी पडली की उरलेला ठोंब फांदीच्या बुडाशी जी फुगीर वळी असते तिच्या बाहेरून काप. वळी ठेवायची, ठोंब ठेवायचा नाही. आणि वरून डांबर किंवा ऑइलपेंट फासू नका, लोकांना बघायला बरं वाटतं एवढंच, झाड आपली जखम आतून बंद करतं.

दोर धुवायचा कसा आणि फेकायचा कधी?

साध्या पाण्यात, हलक्या साबणाने, सावलीत वाळवायचा. गाडीच्या डिकीत पेट्रोलच्या कॅनशेजारी नाही ठेवायचा, आणि बॅटरीच्या ॲसिडजवळ तर अजिबात नाही, बाहेरून काही दिसत नाही आणि आतून धागा कुजतो. दर वेळी हातातून पूर्ण सोडून बघायचा, कुठं मऊ लागला, कडक लागला, फुगला, आवरण फाटून आतला पांढरा गाभा दिसला की संपला तो. आणि संपला की त्याचे दोन-दोन मीटरचे तुकडे कर, अख्खा ठेवलास तर कुणीतरी उचलून त्याच्यावर चढेल. माझ्या मागच्या दोराचे तुकडे शेजारी घेऊन गेले, त्यांची म्हैस आता 22 किलोन्यूटनच्या, म्हणजे दोन टनांहून जास्त भार झेलणाऱ्या, दाव्याला बांधलेली असते.