चित्रफीत असूनही पोलीस सुटतात कसे?

प्रश्न : रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी केलेली मारहाण १९९१ साली साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली, तरीही लॉस एंजेलिसचे पोलीस सुटले; जॉर्ज फ्लॉइडच्या खटल्यात मात्र शिक्षा झाली. चित्रण दोन्हीकडे होते, मग फरक कशाने पडला? आपल्याकडे असे चित्रण न्यायालयात चालते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : किंगच्या मारहाणीची फीत इतकी बोलकी होती की सरकार पक्ष तिच्यावरच विसंबून राहिला आणि १९९२ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या सिमी व्हॅलीतील खटल्यात त्याने खुद्द किंगला साक्षीलाही बोलावले नाही. बचाव पक्षाने मात्र तीच फीत संथ गतीने, एकेक फ्रेम थांबवून ज्यूरीला दाखवली. इथे किंगचा हात हलला, इथे तो उठू पाहतो आहे, म्हणून पुढचा दंडुका, असे भाष्य प्रत्येक फ्रेमला जोडले गेले, आणि सलग पाहताना अमानुष वाटणारी मारहाण सुट्या तुकड्यांत नियमानुसार केलेल्या बळाच्या वापरासारखी भासू लागली. ज्यूरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता, हेही विसरून चालणार नाही. २९ एप्रिलच्या निकालात एका आरोपावर एकमत झाले नाही, तेवढे सोडता चौघेही आरोपी पोलीस निर्दोष ठरले. शहर पेटले आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. (पुढे १९९३ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने चालवलेल्या खटल्यात किंगची साक्ष झाली आणि चौघांपैकी दोघांना शिक्षा झाली, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.)

फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा मृत्यू झाला तो अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात, डेरेक शॉविन या पोलिसाने त्याची मान गुडघ्याखाली दाबून धरल्याने. तिथल्या पोलिसांनी मे २०२० मधील आपल्या पहिल्या निवेदनात या गुडघ्याचा उल्लेखही केला नव्हता. सतरा वर्षांच्या एका मुलीचे मोबाइलवरील चित्रण पुढे आले नसते, तर प्रकरण बहुधा तिथेच मिटले असते. खटल्यात मात्र सरकारी वकिलांनी फितीभोवती साक्षीदार उभे केले. शहराच्या पोलीसप्रमुखांनीच शॉविनविरुद्ध साक्ष दिली, आणि फुप्फुसविकारतज्ज्ञ डॉ. मार्टिन टोबिन यांनी चित्रफितीतले फ्लॉइडचे श्वास मोजून दाखवले : मिनिटाला २२. बचाव पक्ष म्हणत होता तसा अमली पदार्थाने श्वास मंदावला असता, तर हा आकडा बराच खाली आला असता. फितीची चिरफाड इथेही झाली. फक्त या वेळी ती फिर्यादी पक्षाने केली.

आपल्याकडे चित्रण चालते, पण रीतसर सादर केले तरच. जालन्याच्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल, तर प्रतीसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र लागतेच. म्हणून ज्या फोनवर चित्रण झाले तो जपून ठेवावा, मूळ फाइल कापू नये, आणि व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीवर भिस्त ठेवू नये.