कोअर वाढवले तरी डेडलाइन का चुकते?
एका कोअरवर नीट चाललेला ईडीएफ (ज्याची डेडलाइन सगळ्यात आधी, त्याला आधी चालवणारा शेड्युलर) दोन कोअरवरही तसाच चालेल असं गृहीत धरू नका. कागदावर करून बघा: दोन छोटे टास्क, प्रत्येकी दर 10 मिलिसेकंदांना 2 मिलिसेकंद काम, एक मोठा, दर 11 ला 10. पुढची पाळी यायच्या आत काम संपवायचं, तीच डेडलाइन. सगळे शून्याला तयार झाले की छोट्यांची डेडलाइन आधीची, म्हणून दोन्ही कोअर तेच अडवतात. मोठा 2 ला सुरू होतो, 12 ला संपतो. 11 ची डेडलाइन गेली! एकूण भार (प्रत्येकाचं काम भागिले कालावधी, यांची बेरीज) मात्र 2 पैकी जेमतेम 1.31. यालाच ढल इफेक्ट म्हणतात.

लिनक्सचा डेडलाइन शेड्युलर हा संच बिनतक्रार स्वीकारतो, कारण तो भाराची बेरीज तपासतो. मूळ सेटिंगमध्ये मर्यादा दर कोअरला 95 टक्के. बेरीज बसली तर उशीर मर्यादेत राहतो, एवढंच.

म्हणून आधी विभागणी करा: मोठा एका कोअरवर, दोन्ही छोटे दुसऱ्यावर. त्यासाठी नुसती अ‍ॅफिनिटी (टास्क ठराविक कोअरला बांधणं) लावायला गेलात तर कर्नल नकार देतो. एक्सक्लुझिव्ह सीपीयूसेट, म्हणजे इतर गटांशी न वाटलेला कोअरचा गट, बनवा. आणि कामाचा वेळ मोजताना बाकीचे कोअर मेमरीवर तुटून पडलेले असू द्या. कॅश आणि मेमरी बस सामायिक असतात, त्यामुळे रिकाम्या मशीनवरचा आकडा हमखास फसवतो.