हेरपट, भयपट आणि 'भयानक' सिनेमा

प्रश्न असा आला आहे: "हॉरर चित्रपटाला भयपट म्हणतात हे आता अंगवळणी पडलंय. मग स्पाय चित्रपटाला हेरपट म्हणायचं की गुप्तहेरपट? आणि 'हा चित्रपट भयानक आहे' असं लिहिलं की लोक तो टाकाऊ आहे असं समजतात. खरोखर घाबरवणाऱ्या चांगल्या भयपटाचं कौतुक करायला मग शब्द कोणता वापरावा?" प्रश्नकर्त्याने सोबत गेल्या काही वर्षांतल्या चित्रपटांची यादीही दिली आहे आणि त्यांच्याबद्दल मत विचारलं आहे. शब्द आणि मत ही दोन्ही उत्तरं एकमेकांत इतकी गुंतली आहेत की ती वेगळी काढत बसत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हेरपट. कारण 'गुप्तहेर' या शब्दाने मराठीत दोन वेगळे व्यवसाय पोटात घेतले आहेत. परक्या देशात नाव बदलून राहणारा सरकारी माणूस गुप्तहेर, आणि खुनाचा तपास करणारा रहस्यकथेतला खासगी माणूसही गुप्तहेरच. शेरलॉक होम्सला आपण गुप्तहेर म्हणतो, हेर कधीच म्हणत नाही. तेव्हा 'गुप्तहेरपट' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे भिंग आणि बोटांचे ठसेही येऊ शकतात. तसल्या चित्रपटांसाठी रहस्यपट हा शब्द आहेच. 'हेर' मात्र राज्याच्या, सैन्याच्या, शत्रूच्या संदर्भातच राहिला. शिवाय 'पट' जोडून झालेले आपले शब्द पाहा: बोलपट, मूकपट, लघुपट, युद्धपट, भयपट. त्यांच्या ओळीत हेरपट सहज बसतो.

हेर असतोच गुप्त, मग 'गुप्तहेर' ही द्विरुक्ती नाही का, असंही काही जण विचारतात. हा आक्षेप मला पटत नाही. सैन्याच्या पुढे जाऊन टेहळणी करणारा माणूसही हेरच, आणि तो वेष पालटून राहत असेलच असं नाही. 'गुप्त' लावल्याने अर्थ नेमका होतो, त्यामुळे शब्द म्हणून गुप्तहेर निर्दोष आहे. चित्रपटांच्या प्रकाराचं नाव म्हणून तो गैरसोयीचा आहे, इतकंच.

आता 'हेर'कडे जरा जवळून बघू. प्राकृतात 'हेर' हा धातू पाहणे, शोधणे या अर्थाने येतो आणि आपलं 'हेरणं' त्याच कुळातलं. आपण सावज हेरतो, संधी हेरतो, गर्दीतून ओळखीचा चेहरा हेरतो. या प्रत्येक वापरात तीन गोष्टी आहेत: नजर, धीर आणि समोरच्याला पत्ता नसणं. पाहणं तर सगळेच पाहतात. हेरणारा मनाशी काही ठरवून पाहतो. म्हणजे हेराचं काम काय, ते शब्दानेच सांगून ठेवलं आहे. धावणं, उड्या मारणं, गोळ्या झाडणं हे त्यात कुठेही नाही.

माझं मत इथूनच सुरू होतं. 2023 चा 'पठाण' मोठ्या उत्साहाने पाहिला गेला, आणि धावत्या रेल्वेवरची त्यातली मारामारी थिएटरात दणक्यात रंगली, हे मान्यच. पण त्या चित्रपटात कोण कोणाला हेरतं? नायक आत शिरला की सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळाव्यात अशीच रचना आहे. ती ताऱ्याची गरज आहे आणि हेराच्या बरोब्बर उलट आहे. अशा चित्रपटाला मी मारधाडपट म्हणेन. त्यात कमीपणा काहीच नाही. मारधाड नीट जमवणंही कौशल्याचं काम आहे.

त्याच वर्षी विशाल भारद्वाज यांचा 'खुफिया' आला. त्याबद्दल फार कमी बोललं गेलं, याची मला मनापासून हळहळ वाटते. गुपितं फोडल्याचा संशय असलेल्या एका अधिकाऱ्याच्या घरात त्याच्याच खात्याने कॅमेरे बसवले आहेत. नवरा कामावर गेल्यावर त्याची बायको घरात एकटी, स्वतःच्या आनंदासाठी नाचते आणि पलीकडे पाळतीवर बसलेले लोक ते पडद्यावर बघत राहतात. तिचा काही गुन्हा नाही, तिच्यावर थेट संशयही नाही. ती फक्त नजरेच्या टप्प्यात आली आहे. हेरणं म्हणजे दुसऱ्याच्या खासगी जगण्यात किती आत घुसणं, हे त्या एका प्रसंगात बंदुकीशिवाय कळतं. हा हेरपट.

2025 चा स्टीव्हन सोडरबर्ग यांचा 'ब्लॅक बॅग' याच जातीचा. नवरा-बायको दोघंही हेरखात्यात, आणि फितूर कोण याचा शोध घेणाऱ्या नवऱ्याच्या यादीत बायकोचंही नाव. चित्रपटाचा मोठा भाग खोलीतल्या बोलण्यावर, जेवणाच्या टेबलावरच्या नजरांवर उभा आहे. ज्यांना वेगवान हाणामारीची सवय आहे त्यांना तो संथ वाटेल. मला उलट वाटलं: कोण खोटं बोलतंय हे ओळखायला प्रेक्षकालाही चेहरे हेरावे लागतात, त्यामुळे मान वळवायची सोय नाही.

हेरपटांवर लिहिताना आपण 'एजंट', 'डबल एजंट', 'मोल' असे शब्द सरसकट वापरतो. वापरायला हरकत नाही, पण घरात काय आहे तेही माहीत असावं. दोन्हीकडून पगार खाणाऱ्या हेराला कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'उभयवेतन' असा शब्द आहे. तो आजही जसाच्या तसा उचलावा इतका नेमका आहे. तिथेच जिवावर उदार होऊन मारायला जाणारा 'तीक्ष्ण' आणि विष घालणारा 'रसद' असे हेरांचे प्रकार दिले आहेत. (हा रसद आणि सैन्याची रसद यांचा काही संबंध नाही. पहिल्यात 'रस' म्हणजे विष आणि ते देणारा तो रसद. दुसरा शब्द फारसीतून आला.) आतून पोखरणाऱ्याला आपला 'घरभेदी' आहेच. 'जासूद' मात्र जपून वापरा. हिंदी चित्रपटांमुळे जासूस म्हणजे हेर हे पक्कं बसलंय, पण जुन्या मराठी कागदपत्रांत जासूद हा बहुतेक वेळा पत्रं नेणारा-आणणारा असतो. ऐतिहासिक विषयावर लिहिताना या दोघांची सरमिसळ झाली तर वाक्याचा अर्थच फिरतो.

आता भयाकडे. 'भयानक' या शब्दाची आज जी अवस्था आहे ती 'भयंकर'चीही आहे. 'भयंकर आवडला', 'भयानक गर्दी होती', 'काय भयानक अभिनय!' पहिल्या दोन वाक्यांत ते नुसतं 'फार' या अर्थी आले आहेत आणि तिसऱ्यात सरळ 'वाईट' या अर्थी. बोलण्यात हे होणारच, त्याला अडवू नये. पण मुळात भयानक हे एका रसाचं नाव आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत. त्यांपैकी भयानकाचा स्थायीभाव, म्हणजे रसाच्या मुळाशी असलेली भावना, भय आणि बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा, म्हणजे किळस. ही वाटणी भयपटांबद्दल बोलताना फार कामाला येते. 'हॉरर' या एकाच शब्दाखाली आपण दोन निरनिराळ्या गोष्टी ढकलतो: जिने छातीत धडकी भरते ती, आणि जिने पोटात ढवळतं ती.

भयानक रस कशाने उपजतो, याची यादी नाट्यशास्त्रात दिली आहे आणि तिच्या सुरुवातीलाच 'विकृत रव' आहे, म्हणजे विचित्र, बिघडलेला आवाज. मग भुतांचं दर्शन, कोल्हा आणि घुबड, ओसाड घर, अरण्य. आवाज आधी, भूत नंतर! आजही चांगला भयपट हाच क्रम पाळतो. 2024 चा मल्याळम 'भ्रमयुगम' बघा. सतराव्या शतकातला मलबार, जीव वाचवून अरण्यातून पळणारा एक गायक, आणि मोडकळीला आलेला एक वाडा. त्या वाड्यात फक्त मालक आणि एक स्वयंपाकी. जणू यादीच समोर ठेवली आहे. सगळा चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे रक्ताच्या लाल रंगाचा आधारही दिग्दर्शकाने सोडून दिला आहे. मामुट्टी यांनी साकारलेला मालक पाहुण्याशी फाशांचा डाव मांडतो आणि पणाला लावायला सांगतो ते त्याचं आयुष्य, त्याचा वेळ. तिथे कोणी किंचाळत नाही, काही अंगावर येत नाही, आणि तरी श्वास अडकतो. अलीकडच्या भयपटांत शुद्ध भयानकाचं याहून सरस उदाहरण मी पाहिलेलं नाही.

बीभत्साचं उदाहरण त्याच वर्षीचा 'द सब्स्टन्स'. शेवटाकडे त्यात रक्तामांसाचा पूर येतो, पण किळस त्याच्या कितीतरी आधी सुरू होते: एक निर्माता कोळंबी खातो आहे, एवढाच प्रसंग. कॅमेरा त्याच्या तोंडाला चिकटलेला, चावण्याचा आवाज वाढवलेला. भूत नाही, सुरा नाही, आणि तरी जीव नकोसा होतो. म्हणून या चित्रपटाला 'भयपट' म्हणताना मी थोडा थबकतो. तरीही त्यातला सगळ्यात भेदक प्रसंग किळसवाणा अजिबात नाही: आरशापुढची नायिका पुन्हापुन्हा मेकअप करते, पुसते आणि शेवटी चेहरा ओरबाडल्यासारखा फासून टाकते. तिथे करुण रस आहे, आणि शेवटच्या गदारोळापेक्षा तोच माझ्या मनात राहिला.

मग कौतुकाला शब्द कोणता? विशेषणांच्या मागे न लागता क्रियापदांकडे जा, असं मी सुचवेन. घाबरण्याच्या बाबतीत मराठी क्रियापदं श्रीमंत आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. अचानक काहीतरी समोर येतं तेव्हा आपण दचकतो. ते निमिषभराचं असतं. सामान्य भयपट दचकवण्यावरच थांबतात. चित्रपट संपल्यावरही काहीतरी होईल असं वाटत राहतं ती धास्ती. एकदा बसल्यावर वर्षानुवर्षं जात नाही तो धसका. एखादी गोष्ट नुसती कळल्यावर काळजात धस्स होतं, त्यात भूत लागत नाही. काटा येतो तो अंगावर, गोळा येतो तो पोटात, बोबडी वळते ती तोंडातल्या तोंडात. तेव्हा 'चित्रपट दोनदा दचकवतो, पण धास्ती लावत नाही' असं लिहिलं की कौतुक आणि तक्रार दोन्ही चोख पोचतात. 'भयानक' वापरायचाच असेल तर 'भयानकाचा परिपोष उत्तम झाला आहे' असं रसाचं नाव म्हणून वापरा; मग गैरसमज व्हायला जागा उरत नाही.

यादीत 'मुंज्या' (2024) होता, त्याबद्दल थोडंसं. मूळ शब्द मुंजा, म्हणजे मुंज झालेला मुलगा आणि तो अकाली गेला तर त्याचं पिंपळावर राहणारं भूत. 'मुंज्या' हे त्याचं सामान्यरूप, मुंज्याला, मुंज्याने यातलं. हिंदी चित्रपटाने तेच रूप शीर्षक म्हणून घेतलं आणि आता ते मराठीतही तसंच परत आलं आहे. चित्रपट हास्य आणि भय यांत हेलकावे खातो. मला त्यातलं कोकण आवडलं, संगणकाने घडवलेलं भूत तितकंसं आवडलं नाही. पण मुंजा, हडळ, समंध, खवीस या प्रत्येकाची जन्मकथा वेगळी असताना सगळ्यांना 'भूत' म्हणून टाकायची सवय लागली होती. निदान एक नाव पुन्हा तोंडी आलं, हे चांगलं झालं. त्याच दिग्दर्शकाच्या, आदित्य सरपोतदार यांच्या, 2022 च्या मराठी 'झोंबिवली'ने आणखी एक गंमत केली. परदेशी 'झोंबी' मराठीत लिहिला की आपला 'झोंबी' होतो, म्हणजे झोंबाझोंबी, अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. मराठीतला दंततालव्य झ ('झाड'मधला) त्या उच्चाराला आयताच मिळतो. हिंदीत त्यासाठी ज खाली नुक्ता द्यावा लागतो.

शेवटचा मुद्दा लेखनाचा, कारण प्रश्नकर्त्याच्या यादीत 'भीतीदायक' असं लिहिलेलं होतं. सुटा शब्द 'भीती', दोन्ही दीर्घ. समासात पहिलं पद म्हणून आला की संस्कृतातला ऱ्हस्व इकार परत येतो: भीतिदायक, भीतियुक्त. कवी पण कविसंमेलन, बुद्धी पण बुद्धिवाद, तसंच हे. 'भीतिप्रद'ही याच नियमाने. 'भयपट', 'भयकथा' यांत हा प्रश्न येतच नाही, आणि 'भीतिपट' न होता 'भयपट' रूढ झाला यात या सोयीचाही वाटा असावा असं मला वाटतं.