सोयेरची लाकडी रेल्वे : वाचकांचे प्रश्न

स्पेनच्या मायोर्का बेटावर पाल्मा ते सोयेर अशी एक जुनी रेल्वे शंभरहून अधिक वर्षे धावत आहे. तिच्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न (एक वाचिका, ठाणे) : आम्ही मुलाकडे बार्सिलोनाला जाणार आहोत आणि तेथून तीन दिवसांसाठी मायोर्काला जाण्याचा बेत आहे. सोयेरच्या गाडीचे नाव जो तो सुचवतो. ही गाडी पर्यटकांसाठीच काढलेली आहे का? आमच्या डोळ्यांसमोर माथेरानची गाडी आहे. तशीच ही समजावी का?

उत्तर : तशी समजू नये. माथेरानची रेल्वे १९०७ साली सुरू झाली ती लोकांना थंड हवेच्या ठिकाणी नेऊन सोडण्यासाठी. सोयेरची रेल्वे डोंगराआड अडकलेल्या एका सधन गावाने बाहेरची वाट मिळावी म्हणून स्वतःच्या पैशाने बांधली. हे माहीत नसेल तर प्रवासात फक्त छायाचित्रे हाती लागतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

सोयेर हे त्रामुंताना या डोंगररांगेच्या वायव्य अंगाला, तिन्ही बाजूंनी कड्यांनी वेढलेल्या आणि केवळ समुद्राकडे उघडणाऱ्या खोऱ्यात वसलेले आहे. बेटाची राजधानी पाल्मा नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसते. पण मध्ये आल्फाबियाचा डोंगर आडवा आहे, आणि रेल्वे येण्यापूर्वी पाल्माला जायचे तर सुमारे ५०० मीटर उंचीची खिंड वळणावळणांच्या रस्त्याने घोडागाडीतून ओलांडावी लागे. त्यामानाने समुद्र सोपा होता. खोऱ्यातील संत्री गलबतांतून थेट दक्षिण फ्रान्सच्या बंदरांत जात, त्यामुळे सोयेरच्या व्यापाऱ्याला पाल्मापेक्षा मार्सेय अधिक ओळखीचे होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संत्र्यांच्या बागांवर रोग पडला आणि कितीतरी कुटुंबे फ्रान्सला गेली. तेथे फळांच्या व्यापारात त्यांनी बरा पैसा मिळवला, आणि त्यांपैकी जे परतले त्यांनी गावात नक्षीदार हवेल्या उठवल्या, कापडाच्या गिरण्यांना हातभार लावला आणि रेल्वेचे भागही विकत घेतले.

रेल्वेची आधीची एक योजना वाल्देमोसा आणि देया या गावांवरून डोंगराला वळसा घालणारी होती. ती मागे पडली आणि डोंगर सरळ पोखरण्याचा मार्ग ठरला. गावचे वजनदार पुढारी जेरोनी एस्तादेस यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि पेरे गराऊ या अभियंत्याने आखणी केली. १६ एप्रिल १९१२ रोजी मार्ग खुला झाला. यात एक मौजेची अडचण होती. सरकारी मदत हवी तर दुय्यम रेल्वेमार्ग किमान ३० किलोमीटरचा असावा, असा कायदा होता, आणि पाल्मा ते सोयेर हे अंतर भरत होते जेमतेम २७ किलोमीटर. तेव्हा सोयेरपासून बंदरापर्यंत जवळपास ५ किलोमीटरची ट्राम जोडून हिशेब पुरा करण्यात आला. ऑक्टोबर १९१३ मध्ये सुरू झालेली ती ट्राम आजही चालते आणि प्रवाशांना रेल्वेइतकीच आवडते. सरकारी निकषात बसण्यासाठी केलेल्या खटाटोपाची इतकी गोड निष्पत्ती क्वचितच झाली असेल.

प्रश्न (एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ) : ही गाडी वाफेच्या इंजिनावर चालते काय? रुळांची रुंदी आणि चढ किती आहे?

उत्तर : वाफेची इंजिने सुरुवातीला होती, पण १४ जुलै १९२९ पासून हा मार्ग विजेवर चालतो. ‘जुनी गाडी’ म्हटले की धूर आलाच, असे धरून बरेच जण जातात आणि स्थानकावर डोक्यावरची तार पाहून हिरमुसतात. वस्तुतः धूर हीच येथली मोठी तक्रार होती, कारण मार्गावर १३ बोगदे आहेत आणि त्यांतला सर्वांत मोठा २,८७६ मीटर लांबीचा आहे. कोळशाच्या इंजिनामागे लाकडी डब्यात बसून एवढा बोगदा पार करणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. तारेतला दाब १,२०० व्होल्ट एकदिश आहे. मुंबईत १९२५ साली १,५०० व्होल्टवर पहिली विजेची गाडी धावली, त्याच पिढीतले हे तंत्र आहे. फरक इतकाच, की येथे १९२९ मध्ये आलेल्या मोटारडब्यांवरच अजून रोजची वाहतूक चालते. ते डबे सारागोसा येथील कारखान्यात बांधले गेले असून त्यांची विद्युत यंत्रणा सीमेन्सची आहे.

रुळांची रुंदी ९१४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर ३ फूट आहे. बेटावरील इतर मार्गही पूर्वी याच रुंदीचे होते. ते पुढे मीटरगेज झाले आणि सोयेरचा मार्ग तेवढा जुन्या मापावर राहिला. चढाचे म्हणाल, तर जास्तीत जास्त चढ हजारी २३ आहे. आपला बोरघाट ३७ला १, म्हणजे हजारी २७ आहे आणि माथेरानचा मार्ग २०ला १, म्हणजे हजारी ५० आहे. तेव्हा चढाच्या बाबतीत या गाडीचे विशेष कौतुक करण्याचे कारण नाही. कौतुक करावे ते बोगद्याचे आणि त्यानंतरच्या उतारावर अभियंत्याने रूळ ज्या तऱ्हेने वळवत खाली आणले त्याचे.

प्रश्न (वाचक दांपत्य, पुणे, आणि अन्य तिघे) : कोणत्या ऋतूत जावे, कोणत्या बाजूला बसावे, आणि येताना-जाताना दोन्ही वेळा गाडीच घ्यावी का?

उत्तर : बाजूचा प्रश्न सर्वांनाच पडतो. बोगद्यापलीकडे मार्ग स्वतःभोवती वळत उतरतो, त्यामुळे खोरे कधी एका खिडकीत येते आणि कधी दुसऱ्या. अमुक एका बाजूसाठी धडपडण्यापेक्षा खिडकी मिळेल एवढे लवकर पोहोचणे अधिक उपयोगाचे. पाल्मा येथे या गाडीचे स्थानक प्लासा देस्पान्या या चौकालगत जमिनीवर आहे, तर बेटावरील इतर गाड्यांचे आणि बसगाड्यांचे मोठे स्थानक तेथेच जमिनीखाली आहे. घाईत खाली उतरू नये.

सुमारे तासाभराच्या प्रवासाचा पहिला भाग साधा आहे. गाडी शहरातील रस्त्याला लागून निघते, सोन सार्दिना मागे टाकते आणि बदाम व ऑलिव्हच्या बागांतून मैदान पार करते. बुन्योला या डोंगरपायथ्याच्या स्थानकापर्यंत फारसे काही घडत नाही, असे प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्यानंतर मोठा बोगदा येतो. त्यातून गाडी बाहेर पडते ती जणू वेगळ्याच प्रदेशात : हवेत गारवा, समोर बेटावरील सर्वांत उंच पुइग माजोर, आणि पुष्कळ खाली लाल कौलांचे सोयेर. पुजोल देन बान्या या सज्जावर काही गाड्या थोडा वेळ थांबतात. तेथून पुढे ‘सिंक पोंत्स’ हा पाच कमानींचा दगडी पूल आणि एकामागून एक लहान बोगदे लागतात, आणि मघाशी पायाखाली दिसलेले गाव दर वळणाला मोठे होत जाते.

या उतारावर खिडकीतून एक गोष्ट अवश्य पाहावी. डोंगराच्या कुशीत ऑलिव्हसाठी पायऱ्या-पायऱ्यांची शेते काढलेली आहेत आणि त्यांना चुना-माती न वापरता नुसते दगडावर दगड बसवून गडगे घातलेले आहेत. कोकणातल्या वाचकांना त्यांची रचना लगेच कळेल. मात्र येथले काही गडगे माणसाहून उंच आहेत. पावसाचे पाणी दगडांच्या फटींतून झिरपून जावे, पण माती अडावी, अशी ही योजना आहे. मुसलमानी राजवटीच्या काळापासून चालत आलेली पाटाच्या पाण्याची व्यवस्था आणि या शेतपायऱ्या, यांमुळेच त्रामुंताना रांगेला २०११ साली युनेस्कोने सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारशात स्थान दिले. गाव जवळ आले की रूळ घरांच्या परसांतून जातात आणि संत्र्यांची झाडे खिडकीलगत येतात. फळ तोडण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा, फळही दुसऱ्याचे असते आणि बोगद्याची भिंतही जवळ असते.

ऋतूबद्दल माझे मत स्पष्ट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही सोसावी लागतात, म्हणून शक्य तर टाळावे. फेब्रुवारीत मैदानातील बदाम फुलतात आणि खोऱ्यात संत्री लगडलेली असतात. मात्र हिवाळ्यात देखभालीसाठी गाडी काही काळ बंद ठेवतात, तेव्हा तिकिटांआधी त्या वर्षीचे वेळापत्रक पाहावे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे निर्धोक महिने. आपल्याला जूनमध्येच जाणे भाग असेल तर सकाळची पहिली गाडी पकडावी, कारण सहलींचे जथे त्यानंतरच्या गाड्यांना असतात.

दोन्ही वेळा गाडी घेण्याची गरज नाही. जाताना गाडी आणि येताना बस, हा मेळ मला सर्वांत चांगला वाटतो. दिवस मोकळा असेल तर परतीची बस वाल्देमोसामार्गे जाणारी घ्यावी. तो रस्ता देया गावावरून समुद्राच्या कडेने जातो, म्हणजे रेल्वेच्या सोडून दिलेल्या मार्गाची कल्पनाही आपोआप येते.

प्रश्न (एक वाचक, नाशिक) : सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आहेत. आईचे गुडघे दुखतात आणि दोघेही शाकाहारी आहेत. त्यांना हा प्रवास झेपेल का?

उत्तर : बसून राहणे झेपेल, चढणे-उतरणे हाच खरा प्रश्न आहे. डबे जुने असल्याने पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत, आणि दाराशी मागून रेटणारी मंडळी असतात. आईंना सर्वांत आधी किंवा सर्वांत शेवटी चढवावे. बाके साधी आहेत, पण तासाभराला अडचण येऊ नये. सोयेरचे स्थानक हीच एक पाहण्याजोगी वास्तू आहे : सतराव्या शतकातील तटबंदीच्या घरात ते थाटलेले असून आत पिकासो यांची मातीची भांडी आणि जोआन मिरो यांची चित्रे मांडलेली दालने आहेत. तेथून मुख्य चौक जवळ, उताराच्या वाटेवर आहे.

चौकात बसण्याची सोय उत्तम आहे. समोर सांत बार्तोमेउ चर्चचा दर्शनी भाग दिसतो, जो बार्सिलोनाचे ख्यातनाम वास्तुकार गौदी यांचे शिष्य जोआन रुबियो यांनी रचला. ट्राम या चौकातूनच, उपाहारगृहांच्या खुर्च्यांना अगदी चिकटून जाते. चालक घंटा वाजवतो, बसलेला माणूस खुर्ची इंचभर सरकवतो आणि पुन्हा आपल्या पेल्याकडे वळतो. आई-वडिलांना येथे संत्र्याचा रस घेऊन तासभर बसू द्यावे. बंदरापर्यंत ट्रामने जाऊन यायचे असेल तर बाजू उघड्या असलेल्या डब्यात जागा मिळवावी.

खाण्याची चिंता नसावी. वांगी, बटाटे, ढोबळी मिरची आणि टोमॅटो यांचा ‘तुंबेत’ किंवा पावावर टोमॅटो व ऑलिव्ह तेल घातलेला ‘पा आंब ओली’ मागावा. फक्त वर हॅम नको, हे आधीच सांगावे. एक सावधगिरी मात्र हवी. ‘एनसाइमादा’ नावाची साखर भुरभुरलेली गोल पेस्ट्री बेटावर पावलोपावली दिसते, ती परंपरेने डुकराच्या चरबीत करतात. शाकाहारी माणसाने ती केवळ गोड आहे म्हणून उचलू नये.

प्रश्न (एक वाचक, लंडन) : बसने अर्ध्या तासाच्या आसपास आणि थोडक्या पैशांत सोयेर गाठता येते. मग गाडीसाठी त्याच्या कितीतरी पट भाडे देणे ही लूट नव्हे काय?

उत्तर : प्रवासाचे साधन म्हणून पाहिले तर आपला हिशेब बिनचूक आहे. १९९७ साली डोंगरातून रस्त्याचा सुमारे ३ किलोमीटरचा बोगदा झाला, आणि स्थानिकांना कामावर, बाजाराला किंवा दवाखान्यात जाण्यासाठी गाडीची निकड राहिली नाही. तो बोगदा बरीच वर्षे टोलचा होता. २०१७ च्या अखेरीस टोल गेला आणि तीही अडचण संपली. आज रेल्वे चालते ती पर्यटकांच्या तिकिटांवर. ती खासगी कंपनीच्या मालकीची आहे, आणि नव्वदी ओलांडलेल्या मोटारडब्यांचे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत. त्या खर्चातला वाटा आपण उचलतो, असे मानले तर भाडे टोचत नाही. तसे वाटत नसेल तर बसने जाऊन सोयेरहून केवळ ट्राममध्ये बसावे. मात्र या रेल्वेचा उत्तम भाग पाहायचा असेल, तर बुन्योला ते सोयेर एवढा टप्पा तरी गाडीने करावा.

प्रश्न (एक वाचिका, बेळगाव) : भूमध्य समुद्रातील अन्य बेटांवर असा प्रवास आहे का?

उत्तर : आहे, पण प्रत्येकाचा प्रकार निराळा. कॉर्सिकात बास्तिया ते आजाक्सिओ ही मीटरगेज रेल्वे डोंगरमाथ्याखालून जाते. व्हिझाव्होना येथील तिचा बोगदा जवळपास ४ किलोमीटरचा आहे आणि व्हेक्किओ नदीवरचा पूल गुस्ताव्ह आयफेल यांच्या कंपनीच्या आराखड्याचा आहे. डोंगर सोयेरपेक्षा कितीतरी रांगडे, परंतु डबे आधुनिक आणि डिझेलवर चालणारे. सार्डिनियातील ‘त्रेनिनो व्हेर्दे’ ही ९५० मिलिमीटर रुंदीच्या जुन्या मार्गांवरची हंगामी पर्यटक गाडी आहे. मान्दास ते आर्बाताक्स हा तिचा प्रसिद्ध मार्ग दीडशे किलोमीटरहून लांब असून तो कोणत्या वर्षी, कोणत्या टप्प्यात आणि कोणत्या वारी चालेल, हे आधी पाहूनच बेत आखावा लागतो. सिसिलीत एटना ज्वालामुखीला वळसा घालणारी रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधली गेली. तिच्या खिडकीतून लाव्हाची काळी शेते दिसतात. मोकळा वेळ आणि थोडी गैरसोय चालत असेल तर सार्डिनिया निवडावे. एकाच दिवसात, लहान मुलांना किंवा वडीलधाऱ्यांना घेऊन जायचे असेल तर सोयेर.