कुमिकोला ‘कोरीव जाळी’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: जपानी सरकत्या दारांतल्या बारीक लाकडी नक्षीला, म्हणजे ‘कुमिको’ला, मराठीत ‘कोरीव जाळी’ म्हटलं तर चालेल का?

‘जाळी’ चालेल, ‘कोरीव’ मात्र नको. कोरायचं म्हणजे अखंड फळीतून नको तेवढा भाग काढून टाकायचा. इथे उलट आहे, सुट्या पट्ट्या जुळवत जाळी उभी राहते. ‘कुमु’ म्हणजे जुळवणं, ‘को’ म्हणजे मूल, इथे छोटा घटक. काटेकोर बोलायचं तर कुमिको हे एकेका पट्टीचं नाव आहे, कलेला ‘कुमिको-झाइकु’ म्हणतात. (बायकांचं नावही कुमिको असतं, तेव्हा नुसता शब्द शोधलात तर भलतीच माणसं भेटतील.) कोरीव जाळीसाठी जपानीत ‘सुकाशिबोरी’ हा वेगळा शब्द आहेच. दारावरच्या ‘रान्मा’ नावाच्या झडपेत दोन्ही प्रकार दिसतात. जपानच्या तोयामा प्रांतातल्या इनामी गावचे रान्मा प्रसिद्ध आहेत ते कोरीव कामासाठी.

फरक सांध्यात कळतो. पट्टी समजा ३ मिमी जाड, १२ मिमी उंच आहे. दोन पट्ट्या छेदतात तिथे एकीला वरून, दुसरीला खालून ६ मिमी खोल खाच घेतात. बसवल्या की दोन्ही एका पातळीत येतात. त्रिकोणी जाळीत एका बिंदूवर तीन पट्ट्या येतात. मग खालच्या पट्टीला वरून दोन तृतीयांश, वरचीला खालून दोन तृतीयांश आणि मधलीला दोन्हीकडून एकेक तृतीयांश खाच. खिळा कुठेच नाही. खाच ०.१ मिमी अरुंद राहिली तर एका सांध्यात पत्ताही लागत नाही, पण वीस सांध्यांत तोच फरक २ मिमी होतो आणि पट्टी कमानीसारखी वाकते.

‘आसानोहा’ नक्षीच्या चौकोनी प्रकारात आधी चौकोनी जाळी (‘जिगुमि’) करतात. मग प्रत्येक घरात एक कर्ण, त्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन पट्ट्या आणि त्यांना ताणून धरणारी एकेक पाचर, असे सात तुकडे बसतात. टोकं २२.५, ४५ आणि ६७.५ अंशांत तासतात. शेवटची पाचर आखूड पडली तर सगळं घर खुळखुळतं, लांब झाली तर कर्ण वाकतो.

‘आसानोहा’चं ‘तागाचं पान’ असं भाषांतर दिसतं, ते चूक. इथलं ‘आसा’ म्हणजे धाग्यासाठी लावलेली भांग. ताग आणि अंबाडी या वेगळ्या वनस्पती. ही भांग झपाट्याने, सरळ वाढते, म्हणून ही नक्षी तान्ह्या बाळांच्या कपड्यांवरही असते.

‘विणलेली जाळी’ही नको, कारण विणताना पट्टी वाकते, इथे ती सरळच राहायला हवी. पहिल्या उल्लेखात ‘कुमिको, म्हणजे खाचा जुळवून केलेली लाकडी जाळी’ असं लिहावं, पुढे नुसतं कुमिको. जाळीप्रमाणे स्त्रीलिंगी: ‘ही कुमिको’. क्रियापद ‘कोरली’ नाही, ‘जुळवली’.