कम्प्लीट हीलची साखळी तुटते कुठे?

प्रश्न : ‘एव्हरक्वेस्ट’ या ऑनलाइन खेळाच्या जुन्या धाटणीच्या सर्व्हरवर आमच्या रेडमध्ये (बॉसवर अनेकांनी मिळून केलेल्या चढाईत) सहा क्लेरिक, म्हणजे जखमा भरणारे, आहेत. बॉसचा मार झेलणाऱ्या टँकसाठी दर दोन सेकंदांनी एकेक जण कम्प्लीट हीलिंग हा मोठा उपचारमंत्र सुरू करतो, अशी साखळी. माना (मंत्रांना लागणारी शक्ती) भरपूर असतो, तरी मिनिटभरात टँक पडतो. असं का?

उत्तर : पाव सेकंदामुळे. कम्प्लीट हीलिंगचा कास्ट (मंत्र पूर्ण व्हायचा वेळ) १० सेकंदांचा आणि त्यानंतर पुढचा मंत्र सुरू करता येईपर्यंत साधारण सव्वादोन सेकंद जातात. म्हणजे एका क्लेरिकची फेरी सव्वाबारा सेकंदांची. तुमची साखळी मात्र बारा सेकंदांत त्याच्यापाशी परत येते. दर फेरीत पाव सेकंद मागे पडतो, लॅग त्यात भर घालतो आणि चार-पाच फेऱ्यांत सेकंदापेक्षा मोठी फट पडते. बॉस नेमका तिथेच मारतो.

सातवा क्लेरिक घ्या, नाहीतर अंतर अडीच सेकंदांचं करा. अडीच परवडेल का, हे टँकवर ठरतं. समजा टँकचे ४००० हिट पॉइंट (जीव) आहेत आणि बॉस सेकंदाला १५०० मारतो. दोन सेकंदांत ३००० जातात, टँक तगतो. अडीचमध्ये ३७५० जातात, आणि मग एक हील जरा उशिरा आला तरी खेळ संपतो. अशा वेळी सातवा माणूसच हवा. मानाचंही बघा : एका कास्टला ४००, म्हणजे ३००० माना असलेला क्लेरिक सात कास्टपुरता. सात जणांच्या साखळीत दीड मिनिटाच्या थोडं पुढे. मधल्या वेळात बसून जे मिळेल ते वेगळं.

मॅक्रोही (एका बटणात साठवलेल्या आज्ञा) तपासा. मंत्र फिझल झाला, म्हणजे सुरू होतानाच फसला, तरी मॅक्रो ‘००३ सीएच’ (तिसऱ्याचा कम्प्लीट हील) असं ओरडतोच, आणि पुढचा क्लेरिक निश्चिंतपणे आपले दोन सेकंद मोजतो. फिझलसाठी वेगळं बटण ठेवा. ती हाक येताच पुढच्याने न थांबता सुरू करायचं. मॅक्रोतला पॉज सेकंदाच्या दहाव्या भागात मोजला जातो. दोन सेकंदांसाठी २० लिहा, २ नव्हे. आणि पहिला कास्ट टँक बॉसला भिडण्याआधीच सुरू झाला पाहिजे, कारण तो पोचायला दहा सेकंद लागतात.

प्रश्न : पहिला टँक पडला की दुसराही लगेच जातो. साखळी त्याच्याकडे पटकन कशी वळवायची?

उत्तर : पटकन वळतच नाही. दोन सेकंदांच्या साखळीत कुठल्याही क्षणी पाच कास्ट चालू असतात आणि ते सगळे मेलेल्या टँकवर. अर्ध्यात टार्गेट बदललं तरी हील पहिल्याकडेच जातो. डक करून (खाली वाकून) कास्ट मोडा, पण सगळ्यांनी एकदम नवा सुरू करू नका. पाचही हील एकाच क्षणी पडतील, चार वाया जातील. ००१ पासून क्रमानेच पुन्हा सुरू करा. मधले दहा सेकंद साखळीबाहेरच्यांनी सांभाळायचे : ड्रुइड-शामनचे छोटे जलद हील आणि पॅलाडिनचा ले ऑन हँड्स. एक क्लेरिक सुरुवातीपासूनच दुसऱ्या टँकवर नेमून ठेवा, साखळीत जागा रिकामी झाली तरी त्याला तिथून हलवू नका.