वारा फुकट, पण समोरून

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही नवरा-बायको पन्नाशी ओलांडलेले. भाड्याच्या छोट्या शिडाच्या बोटींवर शिकलो, आता स्वतःची साधारण 40 फुटी बोट घ्यायची आहे. ह्यांना शिडाची कॅटमरॅन, म्हणजे दोन सांगाडे शेजारी जोडलेली बोट हवी, मला मोटरबोट. 'वारा फुकट असतो' हे त्यांचं म्हणणं. मला बोट लागते, पोटात ढवळतं, ही माझी अडचण. दोघांची नोकरी अजून पाच वर्षं आहे, म्हणजे शनिवार-रविवारच हाताशी. आमचं आवडतं बेट 30 सागरी मैलांवर आहे आणि मोसमात वारा नेमका तिकडूनच येतो. शिवाय शिडाच्या बोटीला मोटरबोटीने वाट द्यायची असते, मग कॅटमरॅनच जास्त सुरक्षित नाही का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य वाऱ्याच्या दिशेचं आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय. बोटींच्या तपासण्या करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. घेणारी माणसं केबिन बघतात, गाद्या दाबून बघतात. आपल्याला जायचंय तिकडे वारा कुठून येतो, हे फार थोडे विचारतात.

शिडाची कुठलीही बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही. नागमोडी जावं लागतं, आणि सामानाने भरलेली फिरस्ती कॅटमरॅन त्यात एका हलच्या (म्हणजे पाण्यातल्या सांगाड्याच्या) बोटीपेक्षाही मागे पडते. प्रत्यक्षात ती वाऱ्याशी पंचावन्न अंशांच्या आसपास धावते असं धरा. मग तुमचे 30 मैल होतात 52. 7 नॉटचा, म्हणजे ताशी 7 सागरी मैलांचा वेग टिकला तरी साडेसात तास, तेही समोरच्या लाटांवर. दोन हलच्या मधल्या तळावर खालून लाटा आपटतात तेव्हा कपबशा उडतात आणि पाहुणे एकमेकांची तोंडं बघतात. मग तुमचे यजमान काय करतील सांगू? शीड गुंडाळतील आणि इंजिन लावतील. शनिवारची दुपार हातची जाताना सगळेच लावतात. इंजिनावर 6 नॉटने पाच तास.

त्याच आकाराची वेगवान मोटरबोट सपाट पाण्यात 20 नॉटने दीड तासात पोचते, पण ताशी नव्वद-शंभर लिटर डिझेल पिऊन. कॅटमरॅनच्या दोन्ही इंजिनांना मिळून सहा-सात लिटर पुरतं. म्हणून ह्यांचं बरोबर, असं लगेच म्हणू नका. मोटरबोट 7 नॉटवर आणली की तिचीही भूक दहा-पंधरा लिटरवर येते. पाण्यावरची लांबी 36 फूट असलेला एक हल स्वतःची लाट ओलांडल्याशिवाय 8 नॉटच्या पुढे सरकत नाही. त्यापुढच्या वेगासाठी बोटीला लाटेवर चढवावं लागतं, आणि डिझेल त्या चढाईतच जातं. समोरून लाटा असल्या तर तुम्हालाही वेग उतरवावाच लागेल, तेव्हा दीड तासाची स्वप्नं कागदावर ठेवा. टाकीतलं एक तृतीयांश डिझेल जायला, एक यायला आणि एक राखीव, हा हिशेब मात्र मोडू नका.

आणि वारा फुकट असला तरी तो पकडायचं सामान फुकट नाही. शिडं उन्हाने कुजतात. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा दहा-पंधरा वर्षांत बदलाव्या लागतात, विमावालेही त्यांचं वय विचारतात. कॅटमरॅनला दोन इंजिनं असतातच. तेल, फिल्टर, पंपाचे इम्पेलर सगळं दोनदा. म्हणजे मोटरबोटीची कामं टळत नाहीत, वर डोलकाठीची भर पडते. (ही ओळ यजमानांना वाचून दाखवताना आवाज खाली ठेवा.)

जागेचं आधी बघा. 40 फुटी कॅटमरॅन 22-23 फूट रुंद, मोटरबोट साधारण 13. धक्क्यावर तेवढी रुंद जागा आणि तिला पाण्याबाहेर काढणारी क्रेन आहे का, हे बोट बघायच्या आधी विचारून या. उथळ पाण्यात मात्र कॅटमरॅन राणी. चार फूट पाण्यात तरंगते.

आता तुमचं बोट लागणं. नांगरावर कॅटमरॅन मांडी घालून बसते, मोटरबोट आडव्या लाटेत डोलत राहते. त्यावर जायरो, म्हणजे डोलणं कमी करणारं जड फिरतं चाक बसवता येतं, पण त्याला सतत वीज लागते. उलट धावताना कॅटमरॅनची हालचाल छोटी आणि झटक्यांची असते; काहींना ती डोलण्यापेक्षा वाईट पडते. तुमचं पोट कुठल्या गटातलं, हे मी पत्रावरून कसं सांगू? दोन्ही प्रकार एकेक आठवडा भाड्याने घ्या, एकाच मोसमात, आणि मुद्दाम वाऱ्याच्या तोंडावर जा.

तरीही मत विचारलंत म्हणून सांगतो : ही पाच वर्षं मोटरबोट, तीही वापरलेली. निवृत्तीनंतर महिनोन्महिने समुद्रावर राहायचं ठरलं की कॅटमरॅन. तेव्हा वारा फिरेपर्यंत थांबायला वेळ असेल, आणि ह्यांचा फुकटचा वारा खरोखर कामाला येईल. दोन हलची मोटरबोटही मिळते. स्थिरता बऱ्यापैकी, रुंदीची कटकट तीच.

राहिला वाट देण्याचा प्रश्न. 1972च्या आंतरराष्ट्रीय नियमांत मोटरबोटीने शिडाच्या बोटीला वाट द्यायची, हे खरं. पण शीड वर असलं आणि इंजिनही बोट ढकलत असलं, तर कायद्याने ती मोटरबोटच. दिवसा पुढे टोक खाली केलेला काळा शंकू टांगून तसं दाखवावं लागतं. ओव्हरटेक करणारी बोट शिडाची असली तरी वाट तिनेच द्यायची. सुरक्षिततेचं म्हणाल तर कॅटमरॅनचा धोका दुसराच आहे. ती कलत नाही, म्हणून शीड जास्त झालंय हे अंगाला कळत नाही, आणि उलटली तर आपोआप सुलटी होत नाही. यजमानांना वाऱ्याचा मीटर बघून शीड कमी करायची सवय लावा. 18-20 नॉट दिसले की पहिला रीफ, म्हणजे शीड एक टप्पा लहान करायचं, मग बोट कितीही शांत वाटो.